एपीआय सापडली, पण चालू आहे का?

यादीत एपीआय (एका प्रोग्रामला दुसऱ्याची सेवा वापरू देणारा दुवा) दिसली म्हणजे ती जिवंत आहे असं धरून चालू नकोस. २००५ साली सुरू झालेली प्रोग्रामेबलवेब ही एकेकाळची नावाजलेली निर्देशिका. आज तीच बंद आहे, मग तिच्यातल्या नोंदींचं काय सांगावं! गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरची 'पब्लिक एपीआयज' यादी चाळायला छान. एपीआय की (वापरासाठीची गुप्त किल्ली) लागते का, एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी) आहे का, हे एका ओळीत कळतं. पुढचं तपासणं मात्र आपल्याकडे: शेवटचा बदल कधीचा, विनंत्यांची मर्यादा किती (उत्तरात ४२९ हा एरर कोड आला की ती ओलांडलीस समज), वापराच्या अटी काय. मी एकदा अटी न वाचताच अख्खं फीचर बांधलं. मोफत वापर फक्त चाचणीपुरता होता. आठवडा पाण्यात.

स्वतःची एपीआय टीमला द्यायची असेल तर खासगी कॅटलॉगमध्ये टाक. ओपनएपीआय फाइल (एपीआयचं ठरावीक साच्यातलं वर्णन) जोड आणि मालक कोण ते लिही. हे लिहायला लोक हमखास विसरतात, नि तीच सेवा दुसरी टीम पुन्हा लिहीत बसते. पोस्टमन या एपीआय तपासायच्या साधनातलं कलेक्शन (साठवलेल्या विनंत्यांचा संच) सार्वजनिक करण्याआधी त्यातली टोकन्स, म्हणजे गुप्त किल्ल्या, काढ. एकदा उघडी पडलेली किल्ली नुसती पुसून भागत नाही, रद्द करून नवीनच घ्यावी लागते.