सोन्याचे नॅनोकण: पट्टीत ठीक, बाटलीत कशाला?

त्याच त्या शंका पुन्हा पुन्हा येतात, म्हणून एकदाच उत्तरे देतो.

प्रश्न: गरोदरपणाच्या चाचणीपट्टीवरची लाल रेघ सोन्याची असते, हे खरं का? अर्ध्या तासाने फिकट रेघ दिसली तर काय समजायचं?

बहुतेक पट्ट्यांत सोनंच असतं. कण २०-४० नॅनोमीटरइतके (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) बारीक झाले की सोनं पिवळं न दिसता लालबुंद दिसतं. पाकिटावरची वेळ उलटल्यावर उमटलेली रेघ धरू नका. सकाळच्या पहिल्या लघवीवर नव्या पट्टीने चाचणी करा. मात्र पोटात दुखतंय किंवा अंगावरून जातंय, तर पट्ट्या बदलत बसू नका, त्याच दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नळीत अडकला असला तरी रेघ सहसा येतेच.

प्रश्न: ‘नॅनो गोल्ड’ क्रीमने सुरकुत्या जातात का?

पैसे जातात.

प्रश्न: वडिलांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. बायोप्सीला दोन महिने झाले. परदेशात सोन्याने गाठ जाळतात म्हणे. इथे एकांकडे सोन्याचे थेंब मिळतात, साइड इफेक्ट नाही म्हणतात. महिनाभर देऊन बघू का?

नाही. आणि दोन महिने कशाची वाट पाहिलीत? तुम्ही ऐकलेला प्रयोग खरा आहे. अमेरिकेतल्या त्या प्राथमिक चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्ण होते १६, आजार प्रोस्टेटपुरताच मर्यादित. सिलिकावर सोन्याचा मुलामा दिलेले कण शिरेतून सोडले, मग लेझरचे तंतू थेट गाठीत घालून ते कण तापवले. गाठ जाळली ती त्या उष्णतेने. तुमच्या बाटलीसोबत लेझर देतात का? एमआरआय बघून गाठ नेमकी कुठे आहे ते कोण ठरवणार? नुसतं सोनं पोटात गेल्याने गाठ विरघळत नाही. ‘साइड इफेक्ट नाही’ हेही विक्रेत्याचंच म्हणणं. शिरेतून दिलेले कण यकृतात आणि प्लीहेत दीर्घकाळ साठून राहतात, हे प्राण्यांवरच्या अभ्यासांत दिसलंय. बायोप्सीचा आणि पीएसए या प्रोस्टेटच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट घेऊन याच आठवड्यात कर्करोगतज्ज्ञांना भेटा. काही रुग्णांत नुसती देखरेखही पुरते, पण ते त्यांनी ठरवायचं, थेंबवाल्याने नाही.

प्रश्न: सुवर्णभस्मातही नॅनोकणच असतात ना? सात महिन्यांच्या बाळाला मधातून सुवर्णप्राशन द्यावं का?

भस्माच्या काही नमुन्यांत असे कण सापडलेत. म्हणून ते प्रयोगशाळेतलं औषध ठरत नाही. वर्षाच्या आत मध मात्र अजिबात नको, बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो. बाकीचं बालरोगतज्ज्ञांना विचारा.

प्रश्न: आजीला संधिवातासाठी सोन्याची इंजेक्शनं देत. ती हीच का?

नाही, ते सोन्याचे क्षार. त्यांच्यासाठीही रक्त-लघवी वरचेवर तपासावी लागे.