बागेचे प्रश्न : काळ्या मातीवर आच्छादन कशाचे घालावे?

प्रश्न : सुदामानगरातील आमच्या घरापुढे साधारण दोनशे चौरस फुटांची बाग आहे. गुलाब, मोगरा, जास्वंद आणि कडेला एक लिंबू आहे. उन्हाळ्यात मातीला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि सकाळ-संध्याकाळ पाणी घालूनही झाडे माना टाकतात. रोपवाटिकेत खाली काळे कापड अंथरून वर पांढरे गोटे टाकायला सांगितले. सूनबाईंना लाल रंगवलेले लाकडाचे तुकडे आवडले आहेत आणि ह्यांचे म्हणणे, अंगणातला पाचोळाच पसरा. काय निवडावे?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : आपल्या यजमानांच्या बाजूने कौल देतो, मात्र पाचोळा कधी आणि किती घालावा, यावर सारे अवलंबून आहे.

माळव्याची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. भेग पडली की वरच्या थराखालचा ओलावाही तिच्या दोन्ही कडांतून उडून जातो आणि बारीक मुळे तुटतात, म्हणूनच दोन वेळा पाणी घालूनही झाड तहानलेले राहते. आच्छादनामुळे ऊन आणि एप्रिल-मेची लू थेट मातीला लागत नाही, माती सावकाश वाळते आणि भेगा कमी पडतात. एवढे काम गोटेही करतील. पण कुजणाऱ्या आच्छादनाचा अंश गांडुळे खाली ओढून नेतात, त्यामुळे चिकट काळी माती काही वर्षांत भुसभुशीत होते, आणि ते गोट्यांच्या आवाक्यातले नाही. शिवाय गोटे मेच्या दुपारी तापतात, आणि त्यांच्यात अडकलेली लिंबाची पाने एकेक करून वेचण्याचे काम कोणाच्या वाट्याला येते, हे घरातल्या बाईला सांगायला नको. अडेनियम, निवडुंग, पायवाट किंवा पन्हाळीचे पाणी पडते ती जागा, इथे गोटे जरूर वापरावेत. खालच्या कापडावर दोन-तीन वर्षांत धूळ साचते, तिच्यातच तण रुजते, आणि मग ते उपटताना कापडही फाटते.

लाल तुकड्यांचा रंग बहुधा लोहाच्या ऑक्साइडचा असतो आणि त्याची फारशी भीती नाही. शंका खालच्या लाकडाची असते, कारण ते जुन्या खोक्यांचे किंवा कीडनाशकात बुडवलेले असू शकते. दाराजवळच्या शोभेच्या कोपऱ्यात सूनबाईंची हौस भागवावी, पण गुलाबाच्या वाफ्यात नको.

सुदैवाने आपल्याकडे कडुनिंब, शिसव आदी झाडांची पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावरच होते. हा पाचोळा जाळून टाकणे म्हणजे हातचे सोडणे होय. तण काढून, मातीला भरपूर पाणी देऊन, त्या ओल्या मातीवर चार बोटे जाडीचा थर द्यावा. कोरड्या ढेकळांवर घातलेले आच्छादन कोरडेपणाच झाकून ठेवते. दोनशे चौरस फुटांना तीन इंचांच्या हिशोबाने पन्नास घनफूट पाचोळा लागतो आणि तो दबून निम्मा होतो, तेव्हा थोडा शिलकीत ठेवावा. पाने चुरून घातली तर वाऱ्याने उडत नाहीत. बुंध्याभोवती चार बोटांची जागा मोकळी सोडावी. तिथे पाचोळा टेकला की साल ओली राहून सडते, आणि लिंबूच्या झाडाला तर हे मुळीच सोसत नाही. लव्हाळा आणि हराळी मात्र कोणत्याही आच्छादनाला दाद देत नाहीत, त्यांना आधी मुळासकट खणूनच काढावे लागते.

जून उजाडला की थर अर्ध्यावर आणावा, कारण पावसाळ्यात काळी माती आधीच तुंबलेली असते आणि जाड आच्छादनाखाली गोगलगायींना आयता आसरा मिळतो. ऑक्टोबरात सोयाबीन निघाल्यावर त्याचा भुसा मिळाला तर हिवाळ्यासाठी तो पसरावा. गव्हाचा भुसाही चालतो, पण त्यात राहिलेले दाणे उगवतात.

प्रश्न : फर्निचरच्या कारखान्यातला लाकडाचा भुसा फुकट मिळतो. तो कुंड्यांत आणि घराला लागून असलेल्या वाफ्यात टाकावा का? वाळवीची भीती वाटते.
— एक वाचक, टिळकनगर, इंदूर

उत्तर : फुकटचा असला तरी आधी कशाचा आहे ते पाहावे. प्लायवूड किंवा एमडीएफ (लाकडाचा लगदा दाबून केलेल्या फळ्या) यांच्या भुशात डिंकातली रसायने असतात, म्हणून तो बागेत येऊच देऊ नये. साध्या लाकडाचा ताजा भुसा जाड थरात घातला तर त्याची पापडी धरते आणि पाणी वरून वाहून जाते. मातीत मिसळला तर तो कुजवणारे जिवाणू मातीतला नत्र ओढून घेतात आणि पाने पिवळी पडतात. त्यापेक्षा तो शेणाबरोबर ओला करून एका कोपऱ्यात पावसाळाभर कुजू द्यावा आणि काळपट होऊन मातीसारखा वास येऊ लागला की वापरावा.

वाळवी आच्छादनातून जन्मत नाही, परंतु ओलसर, अंधारी वाट तिला सोयीची पडते. म्हणून घराच्या जोत्यापासून फूटभर पट्टा उघडा ठेवावा आणि तिथे मातीच्या बारीक नळ्या भिंतीवर चढताना दिसतात का, हे पंधरा-वीस दिवसांनी वाकून पाहत जावे. कुंड्यांसाठी वाफ्याएवढी जाडी लागत नाही. दोन बोटे सुका पाचोळा किंवा नारळाच्या सुकवलेल्या शेंड्या पुरे होतात, आणि शेंड्या वापरण्यापूर्वी पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्यावे, म्हणजे त्यांतला क्षार निघून जातो.