होमस्कूलिंग चालू ठेवून शाळेच्या टीममध्ये? आधी पत्ता ठरवा

नमस्कार ताई. लेक पुण्यात एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त शाळा) घरीच शिकते, स्पर्धांमध्ये पोहते, आणि मिस्टरांची बदली डॅलस किंवा न्यू जर्सीला होणार आहे. तिकडेही घरीच शिकवलं तर सरकारी शाळेच्या टीममधून पोहता येईल का, हा तुमचा प्रश्न. हे व्हिसावर नाही, घराच्या पत्त्यावर ठरतं. म्हणून लीजवर सही करायची घाई नको.

न्यू जर्सीत होमस्कूलिंग सुरू करणं सोपं, पण टीममध्ये घ्यायचं की नाही हे तिथल्या स्कूल बोर्डाच्या (स्थानिक सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाच्या) मर्जीवर. न्यूयॉर्कमध्ये शाळेत नाव नसेल तर आंतरशालेय स्पर्धा बंदच. फ्लोरिडात मात्र १९९६ पासून कायद्यानेच मुभा आहे. टिम टीबो घरी शिकत तिथल्या हायस्कूलकडून अमेरिकन फुटबॉल खेळला आणि पुढे २००७ मध्ये हाइझमन ट्रॉफी (कॉलेज फुटबॉलचा मोठा पुरस्कार) जिंकला, म्हणून अशा कायद्यांना त्याचंच नाव पडलंय.

आम्ही टेक्सासमध्ये आहोत, डॅलसही त्यातच, तर इथलं जरा सविस्तर सांगते. २०२१ च्या कायद्यात स्कूल डिस्ट्रिक्टची (एका बोर्डाखालच्या शाळांच्या भागाची) इच्छा असेल तरच टीममध्ये प्रवेश होता, आणि बहुतेकांना ती इच्छा झालीच नाही. २०२५ पासून उलटं आहे: बोर्डाने ठराव करून नकार दिला नाही, तर होकार धरायचा. बऱ्याच बोर्डांनी नकाराचे ठराव केलेतही, त्यामुळे एका डिस्ट्रिक्टमध्ये चालतं आणि रस्त्यापलीकडच्यात नाही, असं होऊ शकतं. खेळायचं ते साधारणपणे पत्त्यानुसार येणाऱ्या शाळेतून; तिथे नकार असेल तर होकार देणारं सर्वांत जवळचं डिस्ट्रिक्ट चालेल का, तेही विचारा. त्याआधी मान्यताप्राप्त प्रमाणित चाचणी द्यावी लागते. एनआयओएसच्या गुणपत्रिकेवर भागेल असं धरू नका. आणि ‘महिनाभर शाळेत घालून बघू’ हा प्रयोग तर अजिबात नको. मधेच नाव काढलं की ते उरलेलं वर्ष खेळ बंद.

बोर्डाने नकार दिलेला असेल तर मीटिंगला जाऊन बोलता येतं. नावनोंदणी केली की दोन-तीन मिनिटं मिळतात. आमच्याकडे बरेच पालक ‘आम्हीही टॅक्स भरतो’ यावरच थांबले. मुद्दा खरा आहे, भाडेकरूही घरभाड्यातून तो भरतोच, पण बोर्डावर फारसा परिणाम दिसला नाही. त्यांची खरी भीती वेगळी असते. इथे नापास झालेल्या मुलाला काही आठवडे मैदानाबाहेर बसावं लागतं. मग आईच गुण देणार असेल तर तो नियम कसा लावायचा? हा आक्षेप मला रास्त वाटतो. त्यावर चाचणीचा निकाल आणि अभ्यासाचा कागदोपत्री हिशोब समोर ठेवला की संभाषण पुढे सरकतं. कोचला आधी भेटून ठेवा, तोच आत तुमच्या बाजूने बोलेल.

पोहणं यूआयएलमध्ये (टेक्सासच्या शाळांच्या स्पर्धा घेणारी संस्था) आहे, त्यामुळे त्याची काळजी नाही. (तुमच्या धाकट्याचं बॅडमिंटन त्यात नाही, त्याला क्लबच बघावा लागेल.) ऑफिस डॅलसच्या कुठल्या भागात आहे ते कळवा, तिथल्या डिस्ट्रिक्टने काय ठराव केलाय ते बघून सांगते.