टेबलावर झोपणारा पोरगा

प्रश्न : आमचा नातू सोळा वर्षांचा. शाळा सुटली की राजवाड्याकडे पूल, म्हणजे टेबलावर काठीने चेंडू मारायचा खेळ, खेळायला पळतो. या खेळात कुणाचं भलं झालंय का?
– एक आजी, इंदूर

उत्तर : आजी, झालंय! फिलिपिन्सचा एफ्रेन रेयेस, जन्म १९५४. लहानपणी मनिलात काकांच्या पूल हॉलमध्ये राबायचा, रात्री टेबलावरच झोपायचा. टेबलापर्यंत हात पोचेना, म्हणून कोकाकोलाच्या पेट्यांवर चढून खेळायचा. हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. १९९४ मध्ये त्याने अमेरिकेची यूएस ओपन नाइन-बॉल (पूलच्याच एका प्रकाराची) स्पर्धा जिंकली, पहिलाच बिगर-अमेरिकी. १९९९ मध्ये वेल्समधल्या कार्डिफला जगज्जेता झाला.

एकदा नातवासोबत जाच. काठीने मारायचा पांढरा चेंडू शॉटनंतर कुठे थांबतो, तेवढं बघा. रेयेसची खरी जादू तिथेच होती.