रबराची नोकरी आणि मेडिकलची वाट

नमस्कार ताई,

मुलगा बीएस्सी केमिस्ट्री झालाय, त्याला हॉस्पिटलला लागणाऱ्या वस्तू बनवणाऱ्या कंपनीत जायचंय, आणि नोकरी आलीय भोसरीत, गाड्यांचे ऑइल सील (तेल गळू न देणाऱ्या रबरी कड्या) करणाऱ्या रबराच्या कारखान्यात. 'ही धरली तर तो तिथेच अडकेल' असं तुम्ही लिहिलंय. मला तसं वाटत नाही.

हॉस्पिटलच्या वस्तूंचा धंदा रबरवाल्यांच्याच हातून वाढलाय. १८८९-९० च्या हिवाळ्यात बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलाइन हॅम्प्टन या नर्सचे हात जंतुनाशक द्रावणाने सोलून निघायचे. सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी तिच्यासाठी पातळ हातमोजे करून घेतले ते गुडइयर रबर कंपनीकडून. (पुढे दोघांनी लग्नही केलं!) आपल्याकडे १९६६ साली स्थापन झालेली सरकारी हिंदुस्थान लॅटेक्स आधी निरोध बनवायची, नंतर रक्ताच्या पिशव्या, टाके घालायचे धागे असं करत तीच आज एचएलएल लाइफकेअर झाली.

आणि योगायोग बघा, ऑइल सील बहुतेक नायट्राइल या कृत्रिम रबराचे असतात, कारण त्याला तेल बाधत नाही. दवाखान्यातले निळे हातमोजेही नायट्राइलचेच. नैसर्गिक लॅटेक्समधल्या, म्हणजे रबराच्या झाडाच्या चिकातल्या, प्रथिनांची काहींना ॲलर्जी होते, म्हणून लॅटेक्सचे मोजे मागे पडले. पद्धत मात्र वेगळी: सील साच्यात दाबून होतात, मोजे हाताच्या आकाराचे साचे द्रवात बुडवून. पण रबर पक्कं करायला गंधक किती, ते लवकर पक्कं व्हावं म्हणून घालायचा ॲक्सिलरेटर कोणता, किती तापमानाला किती वेळ ठेवायचं, हे डोकं दोन्हीकडे एकच लागतं.

म्हणून नोकरी घ्यावी, पण एका अटीवर. ऑफर लेटरमध्ये नुसतं 'ट्रेनी, प्रॉडक्शन' असेल तर त्याने आधी विचारावं: कंपाउंडिंग (रबरात रसायनं मिसळण्याचं काम) आणि टेस्टिंगला बसवणार का? लॅबमध्ये रिओमीटर (रबर पक्कं कसं होतं ते मोजणारं यंत्र) आहे का? नुसतं प्रेसवर उभं राहून, फ्लॅश (साच्याबाहेर आलेलं जादा रबर) कापण्यात वर्षं गेली, तर तुमची भीती खरी ठरेल.

सोबत इंडियन रबर इन्स्टिट्यूटच्या डिप्लोमाची चौकशी करावी. मेडिकलकडे वळताना आयएसओ १३४८५ (वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्यांसाठीचं गुणवत्तेचं आंतरराष्ट्रीय मानक) आणि आपल्याकडचे २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम विचारले जातात. ते आत्तापासून वाचायला घेतले तर बरं. महागडा 'मेडिकल डिव्हाइस' सर्टिफिकेट कोर्स मात्र आत्ता नको. आधी रबर हाताखालून जाऊ दे.

दुसरीकडून ऑफर आली आणि पगार थोडा कमी पण काम लॅबचं असेल, तर ती घ्यावी.