बिटाच्या रंगाने रक्त वाढत नाही

प्रश्न : वय ३४. तपासणीत हिमोग्लोबिन ८.९ आलं. सासूबाई म्हणतात, रोज बिटाचा रस घे, गूळ-खजूर खा, महिन्यात भरून येईल. मोबाइलवर एका चूर्णाची जाहिरात दिसते, ती तर सात दिवसांतच सांगते. डॉक्टरांच्या गोळ्यांनी मळमळायचं, शौचालाही काळी व्हायची, म्हणून दहा दिवसांत बंद केल्या. काय करू?
— एक वाचक, मिरज

उत्तर : आधी गोळ्या पुन्हा सुरू करा. काळी शौच म्हणजे न शोषलेलं लोह बाहेर पडतंय, एवढंच. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. फक्त ती डांबरासारखी चिकट असेल, पोटात दुखत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

बीट लाल दिसतं ते बीटालेन नावाच्या रंगद्रव्यामुळे. १०० ग्रॅम बिटात लोह एक मिलिग्रॅमही भरत नाही. गुळात त्याहून जास्त असतं, पण १०० ग्रॅमला ४-५ मिलिग्रॅम धरलं तरी १० ग्रॅमच्या खड्यातून अर्धाच मिलिग्रॅम मिळणार, आणि वनस्पतीतल्या लोहाचा जेमतेम दहावा हिस्सा अंगी लागतो.

आता तुमची गरज पाहा. साधारण ५० किलो वजनाच्या बाईचं हिमोग्लोबिन एक ग्रॅमने वाढायला रक्तात शंभर-सव्वाशे मिलिग्रॅम लोह जावं लागतं. बाईसाठी किमान १२ हवं. म्हणजे तुम्हाला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास लोह भरून काढायचंय, आणि दर पाळीला पंधरा-एक मिलिग्रॅम जात राहणार ते वेगळंच. गुळाच्या खड्याने ही तूट कधीच भरणार नाही. ६० मिलिग्रॅम लोहाच्या एका गोळीतून दहावा हिस्सा शोषला गेला, तरी सहा मिलिग्रॅम पदरात पडतं. चूर्णाच्या सात दिवसांचं म्हणाल, तर पुरेसं लोह मिळाल्यावरही अस्थिमज्जेतून नव्या पेशी बाहेर पडू लागायलाच आठवडा जातो. पी हळद अन् हो गोरी, असं रक्ताच्या बाबतीत होत नाही.

गोळी घेताना पाकिटावर ‘एलिमेंटल आयर्न’ किती लिहिलंय ते वाचा. फेरस फ्युमरेट २०० मिलिग्रॅम म्हणजे प्रत्यक्षात लोह ६५च. गोळी उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर घेतलेली सगळ्यात चांगली. मळमळत असेल तर रात्री थोडं खाऊन घ्या, किंवा डॉक्टरांना विचारून एक दिवसाआड. दिवसाआड घेण्यात काही बिघडत नाही. एक गोळी घेतली की यकृतातून हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि दिवसभर आतड्यातलं शोषण आवळून धरतं. मधे एक दिवस गेला की पुढच्या गोळीतलं लोह जास्त प्रमाणात शोषलं जातं. चहा-कॉफी आणि गोळी यांत किमान तासाचं, दूध, कॅल्शियम किंवा ॲसिडिटीच्या औषधात दोन तासांचं आणि थायरॉइडच्या गोळीत चार तासांचं अंतर ठेवा. गोळी घेतल्यावर लगेच कपभर चहा, ही आपल्या घरांतली नेहमीची चूक आहे.

महिन्याने पुन्हा तपासा. साधारण एक ग्रॅमने तरी वाढ दिसायला हवी. हिमोग्लोबिन १२ झालं म्हणून थांबू नका. साठा भरायला पुढे तीन महिने गोळ्या लागतात, आणि बहुतेक जणी नेमक्या इथेच सोडतात.

गोळ्या नीट घेऊनही आकडा हलत नसेल, तर कारण दुसरीकडे शोधावं लागतं. पहिला संशय पाळीचा. दर तास-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडतात, सात दिवसांहून जास्त जातं, यांतलं काही असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा. ‘आमच्या घरात सगळ्यांचीच अशी’ म्हणून अंगावर काढू नका. जंत, बी-१२ची कमतरता आणि थॅलेसेमियाचा वाहक असणं हीही कारणं असतात. रिपोर्टमध्ये ‘एमसीव्ही’ (लाल पेशींचा सरासरी आकार) बराच कमी आणि लाल पेशींची संख्या मात्र भरपूर असेल, तर एचबीए-टू तपासून घ्या, त्यावरून थॅलेसेमियाचा वाहक ओळखता येतो. विदर्भात किंवा नंदुरबारकडे माहेर असेल तर सिकलसेलचीही चाचणी करा. अशा वेळी फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी, पाहिल्याशिवाय महिनोन्महिने लोह घेत राहू नये.

सासूबाईंचं सगळंच खोडू नका. लोखंडी कढईत चिंच किंवा कोकम घातलेली आमटी केली तर तिच्यात लोह खरंच उतरतं. झाल्यावर ती दुसऱ्या भांड्यात काढा. हे गोळीच्या जोडीला चालेल, तिच्याऐवजी नाही.

प्रश्न : अंगावरून पांढरं जातं, त्याने हाडं झिजतात आणि थकवा येतो, असं शेजारच्या काकू सांगतात. आतून स्वच्छ करायला ‘इंटिमेट वॉश’ वापरावा का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : पांढरं जाण्याने हाडं झिजत नाहीत. हा स्राव म्हणजे पाणी, श्लेष्मा आणि गळून पडलेल्या पेशी. दोन पाळ्यांच्या मध्यावर तो अंड्याच्या पांढऱ्यासारखा ताणला जातो, पाळीआधी घट्ट होतो, कपड्यावर वाळला की पिवळसर दिसतो. हे सगळं निरोगीपणाचंच आहे. थकवा असेल तर हिमोग्लोबिन तपासा. पांढऱ्याला दोष देऊन खरा रक्तक्षय वर्षानुवर्षं लपून राहतो.

आतून मात्र काहीही धुऊ नका. वॉश नको, तुरटीचं पाणी नको, जंतुनाशक तर नकोच. योनीमार्गातले लॅक्टोबॅसिलस जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करून तिथला सामू ३.८ ते ४.५ राखतात. आतून धुतलं की तेच जिवाणू वाहून जातात, दुसरे माजतात, वास येतो, आणि वास येतो म्हणून बाई आणखी धुते. बाहेरून साधं पाणी पुरतं.

दाखवायला जायचं ते बदल झाल्यावर: माशासारखा वास आणि करडा पातळ स्राव, दह्याच्या गुठळ्यांसारखा स्राव आणि खाज, किंवा हिरवट फेसाळ स्राव. तिन्हींची औषधं वेगळी आहेत. शेवटच्यात बहुधा ट्रायकोमोनास नावाचा, शरीरसंबंधातून पसरणारा परजीवी असतो, म्हणून नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं. दह्यासारखा त्रास वारंवार होत असेल तर रक्तातली साखर तपासा. पाळी कायमची गेल्यावर लालसर डाग दिसला, एकदाच दिसला तरी, त्याच आठवड्यात तपासणी करा.

आणि ‘पाळीची तक्रार हमखास बरी’ अशी औषधाची जाहिरात दिसली, तर तशी जाहिरात करायला १९५४च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने बंदी आहे. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

प्रश्न : केस गळतात म्हणून बायोटिन १० मिलिग्रॅम रोज घेते. पुढच्या आठवड्यात थायरॉइडची तपासणी आहे. चालेल ना?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आजपासूनच थांबवा आणि प्रयोगशाळेत सांगा. इतकं बायोटिन काही चाचण्यांत ढवळाढवळ करतं. थायरॉइडच्या तपासणीतले दोन आकडे, टीएसएच खोटाच कमी आणि टी-४ खोटाच जास्त येऊ शकतो, आणि नसलेल्या आजाराचं औषध सुरू व्हायची भीती असते. शरीराला दिवसाला तीस-चाळीस मायक्रोग्रॅम लागतात, तुमची गोळी त्याच्या शेकडो पट आहे. बायोटिनची खरी कमतरता क्वचितच आढळते. लोह कमी असलं तरी केस गळू शकतात, म्हणून त्याच सुईत फेरिटिनही काढून घ्या.