करिअरचा हिशेब आधी मांड
कार्टिंग, म्हणजे छोट्या गाड्यांची शर्यत, सुरू केलंस, फार छान वाटलं. पण फॉर्म्युला वनमधले पगार बघून हिशेब मांडू नकोस. तिथवर नेणाऱ्या फॉर्म्युला फोर, थ्री, टू या पायऱ्यांवर बहुतेक ड्रायव्हर कमावत नाहीत. सीटसाठी, म्हणजे संघाची गाडी चालवायला मिळावी म्हणून, उलट संघालाच पैसे मोजतात, तेही प्रायोजक शोधून. ऑस्ट्रेलियाच्या ऑस्कर पियास्ट्री या ड्रायव्हरने २०२० मध्ये फॉर्म्युला थ्री आणि २०२१ मध्ये फॉर्म्युला टू जिंकली, तरी २०२२ हे वर्ष त्याला फॉर्म्युला वनमध्ये राखीव ड्रायव्हर म्हणून काढावं लागलं! फॉर्म्युला वनमध्ये उतरायला लागणाऱ्या परवान्याला, म्हणजे सुपर लायसन्सला, ४० गुण लागतात, त्यामुळे कुठल्या मालिकेत किती गुण मिळतात ते बघूनच पैसा लाव. एखाद्या अकादमीने करार पुढे केला तर आधी वकिलाला दाखव. खर्च कोण उचलणार, पुढच्या कमाईतला वाटा कुणाचा, मधेच बाहेर पडता येईल का, हे कागदावर स्पष्ट हवंच.